टाकी न लागलेला दगड

मराठी घरातल्या जुन्या देव्हाऱ्यात दोन प्रकारचे देव शेजारीशेजारी बसलेले असतात. टाक सोनाराने घडवलेले असतात. खंडोबा, भवानी, वीर, ज्याचा जसा कुळाचार. झिजले की ते उजळायला जातात, नवे केले की त्यांची प्रतिष्ठा करावी लागते. त्यांच्याच बाजूला पितळी शाळुंकेत एक काळसर-तांबूस, लांबट गोल, गुळगुळीत दगड असतो. त्याला बाण म्हणतात. त्याला प्रतिष्ठा लागत नाही, आवाहन नाही, विसर्जनही नाही. नदीतून उचलून घरी आणला, पाणी घातलं, बेल वाहिला, की पूजा सुरू. माणसाने घडवलेल्या मूर्तीत देवाला बोलवावं लागतं. या दगडात तो आधीपासूनच आहे असं धर्मशास्त्राने मानलं. त्यासाठी अट एकच, त्याला टाकी लागलेली नसावी.

हे दगड नर्मदेचे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. नर्मदेचा कंकर तो शंकर, ही म्हण माळव्यात आणि निमाडात लहान मुलालाही येते. पण तेराशे किलोमीटर वाहणाऱ्या नदीत नेमके कुठले बाण नावाजलेले होते, हे विचारलं तर फार थोडे जण उत्तर देऊ शकतील. ती जागा मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात आहे. उदयनगरकडून जंगल उतरत नर्मदेच्या उत्तर तटावर गेलं की धाराजी लागतं. तिथे नदी कठीण खडकावरून सुमारे बारा मीटर खाली पडायची. भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत नर्मदेचा हा दर्डीचा धबधबा म्हणून नोंदलेला आहे. धबधब्याच्या पायथ्याशी पाण्याने खडकात खोल रांजणकुंडं कोरली होती. त्यांतलं मोठं ते धावडी कुंड.

बाण कसा तयार होतो ते या कुंडात दिसायचं. वरून वाहत आलेला गारगोटीच्या जातीचा तुकडा पावसाळ्यात कुंडात पडतो. पडत्या पाण्याचा भोवरा त्याला कुंडाच्या भिंतीवर फिरवतो, शेजारच्या दगडांवर घासतो. कोपरे जातात, कडा जातात. मऊ दगडाचं पीठ होऊन ते वाहून जातं. कठीण तेवढा उरतो, आणि सगळ्या बाजूंनी सारखा घासला गेल्याने लांबट गोल होतो. जात्यात दाणा भरडावा तसं हे काम चालायचं, फक्त इथे जातंही दगडाचं आणि दाणाही दगडाचाच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की माणसं कुंडात उतरत आणि बाण शोधत. हिरवट, मधाच्या रंगाचे, तपकिरी पट्ट्यांचे, कधी पांढऱ्या रेघेचं जानवं घातल्यासारखे. ते दगड परिक्रमावासीयांच्या झोळीतून आणि काशीयात्रा करून परतणाऱ्यांच्या गाठोड्यातून महाराष्ट्रात यायचे. धार आणि देवासला अठराव्या शतकात पवारांची राज्यं आली, इंदूरला होळकर आले, आणि नर्मदा मराठी कुटुंबांची आपली नदी झाली. पुण्या-साताऱ्याच्या किती देव्हाऱ्यांत धाराजीचा दगड बसला असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

पुराणकथा या दगडाचं नातं बाणासुराशी जोडते. बळीचा हा मुलगा शिवाचा भक्त. त्याने पुजलेली असंख्य लिंगं नर्मदेत आणि इतरत्र जाऊन पडली, अशी कथा. मला त्या कथेपेक्षा ग्रंथांनी सांगितलेली परीक्षा अधिक महत्त्वाची वाटते. दगड तराजूत घालून तांदळाने तोलायचा, पुन्हापुन्हा तोलायचा. प्रत्येक वेळी वजन वेगळं आलं तर तो बाण. सारखं आलं तर नुसता दगड. ही परीक्षा रचणाऱ्याच्या मनात काय असेल? मोजमापात बसतो तो माणसाच्या कह्यातला, आणि मापात बसत नाही तो देव. अनघड दगडाच्या पूजेमागचा खरा विचार मला इथे दिसतो.

याच्या नेमकं उलट टोक पाहायचं तर धारचाच राजा डोळ्यांसमोर येतो. परमार भोज अकराव्या शतकातला, आणि त्याच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ वास्तूचं आणि मूर्तीचं माप ठरवून देणारा. भोपाळजवळ भोजपूरला त्याने उभारलेल्या अपुऱ्या मंदिरात एकसंध दगडाचं, साडेसात फुटांच्या आसपास उंचीचं, आरशासारखं घोटलेलं शिवलिंग आहे. आजूबाजूच्या कातळांवर कारागिरांनी रेखलेले मंदिराचे आराखडे अजून दिसतात. आगमांच्या भाषेत हे मानुष लिंग. खालचा भाग चौकोनी, मधला अष्टकोनी, वरचा गोल, आणि प्रत्येकाचं प्रमाण ठरलेलं. त्याच ग्रंथांनी स्वयंभू लिंगाला मात्र सगळ्या मापांतून मोकळं ठेवलं. भोजपूरचं लिंग उभं करायला राजा लागतो, खाण लागते, शेकडो हात लागतात. धाराजीचा बाण ओंजळीत मावतो आणि तो उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या माळव्यात इतकं कसबी दगडकाम होत होतं, त्याच माळव्यात न घडवलेल्या दगडाला वरचा मान होता. म्हणजे घडवता येत नव्हतं म्हणून लोक ओबडधोबड दगड पुजत होते, हे सोपं स्पष्टीकरण टिकत नाही. ज्यांना उत्तम घडवता येतं त्यांनी मुद्दाम न घडवणं, ही निवड आहे.

या निवडीचं वय काढायला गेलं तर मध्य प्रदेशच्याच पूर्व टोकाला जावं लागतं. सीधी जिल्ह्यात, सोन नदीच्या खोऱ्यात, बाघोर इथे १९८० च्या सुमारास अलाहाबाद विद्यापीठाचे जी. आर. शर्मा आणि बर्कलीचे डेस्मंड क्लार्क यांच्या पथकाला दगडांच्या तुकड्यांचा एक गोल ओटा सापडला. त्याच्या मध्याशी एका त्रिकोणी दगडाचे तुकडे होते. त्या दगडावर निसर्गानेच पिवळट-तांबूस रंगाच्या एकात एक त्रिकोणी रेषा काढलेल्या. काळ अश्मयुगाच्या अखेरचा, आजपासून दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीचा. शोध लावणाऱ्यांना सगळ्यात मोठा धक्का बसला तो खोदकामाबाहेर. आजूबाजूच्या गावांतले कोल आणि बैगा लोक तसेच नैसर्गिक रेषांचे त्रिकोणी दगड तशाच ओट्यांवर ठेवून माई म्हणून पुजत होते. दगड घडवायचा नाही, शोधायचा. ही रीत एवढी जुनी असू शकते.

सोन नदीचा लाल दगड आपल्याही ओळखीचा आहे. पंचायतन पूजेत पाच देवांचे पाच दगड सांगितले आहेत. विष्णूचा शाळिग्राम गंडकीतून, शिवाचा बाण नर्मदेतून, गणपतीचा लाल दगड शोणभद्रेतून, देवीचा धातूची झाक असलेला दगड, सूर्याचा स्फटिक. एकाही दगडावर डोळा-नाक-हात नाही. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत पंचायतन आहे, तिथे अख्ख्या उपखंडाच्या नद्या एका ताटलीत येऊन बसलेल्या असतात.

आणि गावाकडे हा विचार ताटलीपुरता कधीच राहिला नाही. शिवेवरचा म्हसोबा, माळावरचा बिरोबा, ओढ्याकाठी ओळीने मांडलेल्या साती आसरा: सगळे दगडच. अनघड देवाला आपण तांदळा म्हणतो. माहूरच्या रेणुकेचं रूप हा त्याचाच भव्य प्रकार. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास रानोमाळ हिंडले, आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त त्यांनी दाखवलं की अशा कित्येक मातृदेवतांची ठाणी जुन्या पायवाटांच्या तिठ्यांवर आहेत आणि तिथेच अश्मयुगीन बारीक हत्यारं सापडतात. वाटा बदलल्या, गावं उठली, देव जागचे हलले नाहीत. पश्चिम मध्य प्रदेशातल्या भिल्लांचा बाबदेवही असाच, टेकडीवर किंवा झाडाखाली. नवस फेडायला भोवती मातीचे घोडे वाहायचे, पण दगडाला हात लावायचा नाही.

तांदळ्याची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्यावर शेंदूर चढतो, वर्षानुवर्षं चढत राहतो. मग चांदीचे डोळे येतात, मुखवटा येतो. म्हणजे बाहेरून हवं तेवढं चढवायला मुभा आहे. फक्त मूळ दगडातून काही काढायचं नाही.

हाच नियम, अगदी असाच, पार दुसऱ्या टोकाला सापडतो. प्राचीन इस्राएली लोकांच्या धर्मग्रंथात, निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, दहा आज्ञांच्या लगोलग वेदीचा नियम येतो. वेदी मातीची करा; दगडाची केलीत तर घडलेल्या चिऱ्यांची करू नका, कारण हत्यार चालवलं की ती भ्रष्ट होते. अनुवाद या ग्रंथात एबाल पर्वतावरच्या वेदीसाठी पुन्हा तेच: अख्खे दगड, लोखंड लावायचं नाही. यहोशवाने ती तशी बांधल्याचं सांगितलं आहे. त्याही आधीचा याकोब वाटेत रात्र झाली म्हणून दगड उशाला घेऊन झोपतो, सकाळी तोच दगड उभा करतो आणि त्याच्यावर तेल ओततो. ही कथा वाचताना मराठी माणसाला परकं वाटण्यासारखं काही नाही.

नियम पुस्तकात राहिला की प्रत्यक्षातही होता, हे पुरातत्त्वाने काही अंशी दाखवलं. नेगेव वाळवंटाच्या कडेला तेल अराद इथे योहानान अहारोनी यांनी १९६० च्या दशकात यहूदा राज्याच्या किल्ल्यातलं देऊळ खोदलं. अंगणात वेदी होती. सुमारे अडीच मीटर बाजूची, मातीत बसवलेल्या अनघड दगडांची, वर चकमकीच्या दगडाची मोठी फरशी. जवळपास शब्दशः निर्गमातली. पण तिथून फार दूर नसलेल्या बैर-शेबा इथे १९७३ मध्ये नीट घडवलेल्या चिऱ्यांची, चार कोपऱ्यांना शिंगं असलेली वेदी मिळाली. तिचे दगड नंतरच्या कोठाराच्या भिंतीत वापरले गेले होते. नियम असला म्हणजे सगळे पाळतात असं नाही. मोडणारे होते म्हणूनच तो पुन्हापुन्हा लिहावा लागला असणार.

यरुशलेमच्या मंदिराची गोष्ट जास्त बोलकी आहे. शलमोनाच्या मंदिराचे दगड खाणीतच घडवून आणले आणि मंदिराच्या जागी लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही, असं राजे या ग्रंथात आहे. इ.स.पू. १६४ च्या सुमारास मक्काबी बंडखोरांनी मंदिर परत घेतलं तेव्हा जुनी वेदी विटाळलेली होती. तिचे दगड त्यांना टाकवेनात आणि वापरवेनात. मग कुणी प्रेषित येऊन सांगेपर्यंत ते बाजूला ठेवले, आणि अनघड दगडांची नवी वेदी उभी केली. पुढे हेरोद राजाने प्रचंड घडीव चिऱ्यांचं मंदिर बांधलं. त्याच्या भिंतींतले दगड आज पाहिले तरी माणूस थक्क होतो. त्या सगळ्या घडीव कामाच्या मध्यभागी वेदी मात्र अनघडच होती. इतिहासकार जोसेफस सांगतो की तिला लोखंड शिवलं नव्हतं. मिश्ना हा यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह आणखी बारकाईने सांगतो. दगड बेथ-केरेमच्या खोऱ्यातून, कुणी न उकरलेल्या जमिनीखालून काढायचे. लोखंडाचा नुसता स्पर्श झाला तरी तो दगड बाद. वर्षातून दोनदा वेदीला चुना द्यायचा, पण लोखंडी थापीने नाही. कारणही दिलं आहे. लोखंड माणसाचं आयुष्य कमी करायला जन्मलं आणि वेदी आयुष्य वाढवायला, तेव्हा एकाने दुसऱ्यावर हात उगारणं योग्य नाही.

चुना द्या, टाकी लावू नका. शेंदूर लावा, टाकी लावू नका. दोन समाजांनी एकमेकांना न विचारता एकाच जागी रेघ ओढली.

साम्य इथवरच आहे, हेही स्पष्ट म्हणायला हवं. इस्राएली वेदी हा देव नव्हता. तो देवापुढे बळी ठेवण्याचा ओटा होता. दगडातच देव पाहण्याची भीती त्या धर्माला फार होती. उभे पूजास्तंभ उभारू नका, असं अनुवाद ग्रंथ बजावतो. टाकी लावली की दगडाला रूप येईल, रूप आलं की लोक त्यालाच देव मानतील, असाही त्या नियमाचा एक अर्थ अभ्यासक लावतात. आपल्याकडे दगडच देव. तिथे दगड मूर्ती होऊ नये म्हणून अनघड, इथे दगड मुळातच मूर्ती आहे म्हणून अनघड. कारणं जवळपास विरुद्ध, आणि तरी दोन्हीकडे हात आवरलेला आहे. माणसाने स्वतःचं कसब, जे एरवी त्याला सगळ्यात अभिमानाचं, ते देवापुढे बाजूला ठेवलं. मला या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटते.

हे दोन प्रवाह एका मराठी बोलणाऱ्या समाजात भेटले आहेत. कोकणातले बेने इस्राएल अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटल्याचं सांगतात. त्यांच्यात सगळ्यांत प्रिय प्रेषित एलियाहू हनाबी. लग्न असो, नवस असो, पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने होतो. अलिबागच्याच परिसरात खंडाळा गावाजवळ कातळावर काही खुणा आहेत. एलियाहू अग्निरथातून स्वर्गात गेला तेव्हाच्या त्या घोड्यांच्या टापा आणि चाकांच्या खुणा, अशी श्रद्धा आहे. इस्राएलला गेलेली कुटुंबंही कोकणात आली की तिथे जाऊन येतात. हा एलियाहू म्हणजे कर्मेल पर्वतावर मोडलेली वेदी बारा दगडांनी पुन्हा उभी करणारा तोच प्रेषित. त्याला आठवण्यासाठी मराठी यहुदींनी जागा निवडली तीही उघड्या कातळाचीच.

आता पुन्हा उदयनगरकडे. या मुलुखात निसर्गाने घडवलेला आणखी एक दगड आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. उदयनगर आणि पुंजापुरा यांच्या परिसरात कावडिया पहाड नावाच्या टेकड्या आहेत. लांबट, पैलूदार, सरळ कडांच्या दगडी खांबांच्या थप्प्याच थप्प्या. कुणी गवंड्याने घडवून रचून ठेवाव्यात अशा. काही दगडांवर ठोकलं तर धातूसारखा नाद येतो. भीमाने आणून रचले, असं लोक सांगतात. प्रत्यक्षात दख्खनचा लाव्हा थंड होताना आकसला आणि सरळ रेषांत तडकला, त्याचे हे खांब. अग्नीने इतकं नेटकं घडवावं आणि काही कोसांवर पाण्याने तितकंच गोल घडवावं, असा हा एकच तालुका मला ठाऊक आहे. इथल्या माणसाला टाकी हातात घ्यायची गरज वाटली नसेल तर नवल नाही.

धाराजीची पुढची हकीकत दुःखाची आहे. भूतडी अमावास्येला तिथे मोठी जत्रा भरते. ७ एप्रिल २००५ च्या रात्री घाटावर हजारो माणसं होती. वरच्या बाजूला पुनासाला नुकतंच बांधलेलं इंदिरासागर धरण. तिथून सोडलेलं पाणी अंधारात आलं आणि साठाहून जास्त माणसं गेली. दोन वर्षांनी खालच्या बाजूला ओंकारेश्वर धरण भरू लागलं, आणि त्याच्या फुगवट्यात धबधबा आणि कुंडं बुडाली. आता तिथे संथ पाणी आहे. पाणी पडत नाही म्हणजे भोवरा नाही, भोवरा नाही म्हणजे दगड फिरत नाही. हजारो वर्षं चाललेलं काम २००७ मध्ये थांबलं.

मागणी मात्र थांबली नाही, उलट वाढली. आज बाजारात नर्मदेश्वर म्हणून जे चकचकीत, तंतोतंत एका आकाराचे दगड मिळतात, ते बहुतेक करून खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात आणि आसपास तयार होतात. नर्मदेतून दगड काढायचा, यंत्राच्या चाकावर कापायचा, घासायचा, झिलई द्यायची. बोटाएवढ्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत हवं ते माप मिळतं. अनेक कुटुंबांचं पोट त्यावर आहे आणि त्यांच्या हाताचं कसब उघड दिसतं. ते कमी लेखण्याचा प्रश्नच नाही; भोजपूरच्या कारागिरांचेच ते वारस आहेत. पण जो दगड यंत्रावर घडला तो मानुष लिंग आहे, त्याची रीतसर प्रतिष्ठा करावी, तो पूजनीयच आहे. त्याला स्वयंभू म्हणून विकू नये आणि घेणाऱ्याने तसा मागू नये. शास्त्राने हा भेद स्पष्ट करून ठेवला आहे, तो बाजाराच्या सोयीसाठी पुसणं मला मान्य नाही.

तुमच्या देव्हाऱ्यात जुना बाण असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हा कुणी आणला, कोणत्या साली, नर्मदेच्या कुठल्या घाटावरून. धाराजीचं नाव निघालं तर ते लिहून ठेवा, दगडाचा रंग, वजन, त्यावरच्या रेघाही नोंदवा. ते कुंड आता कुणाला पाहता येणार नाही. तिथे काय घडत होतं याचा पुरावा म्हणून हे दगडच उरले आहेत. आणि मुलांपैकी कुणाला पूजा नकोशी झाली तर विसर्जन म्हणून जवळच्या तळ्यात टाकू नका, ज्याला हवा असेल त्याला त्या नोंदीसह द्या.